लेन्स मागून बघावी

हेलिओस ४४-२ ही रशियन लेन्स मी घेतली तेव्हा माझ्याकडे निकॉनचा साधा डीएसएलआर होता. पहिली चूक या एका वाक्यातच आहे. ती दिसायला मात्र मला बराच काळ लागला आणि पैसेही बरेच गेले.

हेलिओसची कीर्ती मोठी. ५८ एमएम, एफ/२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झेनिट कॅमेऱ्यांबरोबर देण्यासाठी ती लाखोंनी बनली, त्यामुळे आजही सहज मिळते. आराखडा मूळचा जर्मन, झाइसच्या बायोटारचा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून झाडासमोर माणूस उभा केला की मागची पानं त्याच्या डोक्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबात हा दोष. आता लोक त्याच दोषासाठी पैसे मोजतात, मीही मोजले.

लेन्स घरी आल्यावर पुढची काच उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. ॲपर्चरची आठ पाती उघडून-मिटून पाहिली. बायकोला दाखवली. मागची बाजू पाहिली नाही. मागे नुसते आटे होते, आणि आट्यांत काय बघायचं?

त्या आट्यांना एम४२ म्हणतात, व्यास ४२ मि.मी. म्हणून. लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यात ४५.४६ मि.मी. अंतर असणार, हे धरून ही लेन्स बनवलेली असते. फिल्मच्या जागी आता सेन्सर आला, एवढाच फरक. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हेच अंतर ४६.५ मि.मी. आहे. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स असायला हवी त्याहून मिलिमीटरभर पुढे राहणार होती. मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. दहावीत शिकलेल्या नाभीय अंतराचा वर्ग करायचा आणि या जादा अंतराने भागायचं. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले १.०४. उत्तर साधारण सव्वातीन मीटर. त्यापलीकडचं जग या लेन्सला माझ्या कॅमेऱ्यावर कधीच स्पष्ट दिसणार नव्हतं. ॲडॉप्टरच्या कड्याची जाडी त्यात मिळवली तर ही हद्द आणखी अलीकडे येते. घराच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीचा फोटो काढला आणि तो जिलबीसारखा आला, तेव्हा मी दोष विक्रेत्याला दिला. त्याचा काही दोष नव्हता. ‘निकॉनवर बसते का?’ एवढंच मी विचारलं होतं, आणि बसत होती.

कॅननच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मि.मी. आहे, म्हणून तिथे एक पातळ कडं लावलं की काम भागतं. शेजारच्या मित्राकडे कॅनन होता. त्याला जुन्या लेन्सचा काडीचाही सोस नव्हता.

यावर तोड म्हणून मध्ये काच असलेलं ॲडॉप्टर मिळतं. ती छोटी काच वाढलेल्या अंतराची भरपाई करते. मी ते घेतलं. लांबचं दिसू लागलं, पण एफ/२ वर सगळ्यावर दुधाळ पडदा. आणि ज्या फिरत्या पानांसाठी हा खटाटोप मांडला ती पानं कुठेच दिसेनात. कारण तेही सरळ होतं. माझा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, दीडपट क्रॉपचा. फिरल्याचा भास सर्वांत जास्त होतो तो चित्राच्या कडांना, आणि माझा कॅमेरा नेमक्या कडाच कापून टाकत होता. ५८ ची लेन्स ८७ सारखी वागत होती, आणि मधला जो भाग उरत होता तो कुठल्याही साध्या लेन्समधून दिसतो तसा दिसत होता.

एवढं झाल्यावर थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी तीच लेन्स भाच्याच्या मुंजीला घेऊन गेलो.

निकॉनच्या प्राथमिक मॉडेलांवर चिप नसलेली लेन्स लावली की कॅमेरा उजेड मोजणंच बंद करतो. एक्सपोजर अंदाजाने ठरवायचं, फोकस हाताने करायचा, आणि तोही त्या बारक्या व्ह्यूफाइंडरमधून. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या कॅमेऱ्यांचे पडदे मुळात हाताने फोकस करण्यासाठी बनवलेलेच नसतात. चित्र उजळ दिसावं अशी त्यांची रचना असते, त्यामुळे एफ/२ ची खरी उथळ खोली त्यांत दिसतच नाही. डोळ्याला सगळं स्पष्ट वाटतं, फोटोत नसतं. मीटरभर अंतरावर एफ/२ ला जेमतेम अडीच सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. नाकाचा शेंडा धरला तर डोळे गेले. मातृभोजनाच्या वेळी मी अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून फोटो काढले. संध्याकाळी बहिणीने ते लॅपटॉपवर पाहिले आणि म्हणाली, “दादा, लाडू फार सुरेख आलाय रे.”

लाडू खरंच सुरेख आला होता. त्याच्या मागे बहीण आणि भाचा असावेत असा अंदाज करता येत होता. एफ/४ वर काढले असते तर बहीण आणि भाचा निदान ओळखू आले असते. पण एफ/४ वर काढायचे तर जुनी लेन्स कशाला घेतली, असा माझा तेव्हाचा युक्तिवाद होता. दुसऱ्याच्या घरचं कार्य हे आपल्या हौसेचं मैदान नव्हे, एवढंही मला तेव्हा सुचलं नाही. मुंज पुन्हा लागत नाही. फोटोग्राफर वेगळा बोलावला होता म्हणून निभावलं.

पुढची चूक मागच्या चुकीतून काहीही न शिकल्याची. ज्युपिटर-८ नावाची ५० एमएम, एफ/२ ची एक गोंडस, हलकी रशियन लेन्स आहे. तिची रचना झाइसच्या सोनारवरून घेतलेली. विक्रेत्याने लिहिलं होतं, एम३९. मी विचार केला, ३९ चे आटे ४२ मध्ये बसवणारं एक साधं कडं मिळतं, म्हणजे झालंच! कडं मिळालं, लेन्स बसली, आणि वीतभर अंतरापलीकडचं सगळं धुक्यात गेलं. एम३९ म्हणजे नुसता व्यास. त्याच व्यासाचे आटे सुरुवातीच्या झेनिटवर होते, जुन्या लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर होते, डार्करूममधल्या एन्लार्जरच्या लेन्सनाही होते. झेनिटसाठी बनलेली लेन्स फिल्मपासून ४५ मि.मी.च्या आसपास राहते, रेंजफाइंडरची २८.८ मि.मी.वर, कारण त्या कॅमेऱ्यात आरसाच नसतो. माझी ज्युपिटर रेंजफाइंडरची होती. आरशाच्या कॅमेऱ्यावर ती फार तर मुंग्यांचे फोटो काढायला उपयोगी.

मग मी मिररलेस कॅमेरा घेतला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण माझ्या घरात त्या महिन्यात बरीच ऐकू आली. पण एक कबूल करायला हवं, जुन्या लेन्सचा संसार खऱ्या अर्थाने मिररलेसवरच थाटता येतो. सोनीच्या ई माउंटमध्ये सेन्सरपर्यंतचं अंतर १८ मि.मी. आहे, फुजीच्या एक्समध्ये १७.७, निकॉनच्या झेडमध्ये १६. जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स याहून जास्त अंतर मागते, आणि उरलेली जागा पोकळ नळीने भरून काढता येते. मध्ये काच नको. शिवाय चित्र दहापट मोठं करून फोकस तपासता येतो, जिथे फोकस आहे तिथल्या कडा रंगवून दाखवायचीही सोय असते. मी हा कॅमेरा आधी घेतला असता तर ज्युपिटर पहिल्याच दिवशी नीट चालली असती. आज ती माझी सर्वांत आवडती लेन्स आहे.

नव्या कॅमेऱ्यावर पहिल्याच संध्याकाळी शटर दाबलं जाईना. विक्रेत्याला रागाचा फोन करण्याच्या बेतात होतो. मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर चालू द्या’ अशा अर्थाची एक ओळ असते. आटेवाली लेन्स कॅमेऱ्याला दिसतच नाही, म्हणून ती परवानगी आपण द्यावी लागते. फोन न केल्याचं समाधान आजही आहे.

मात्र ॲडॉप्टरच्या बाबतीत माझा कद्रूपणा सुटला नव्हता. लेन्ससाठी हजार-दोन हजार जादा गेले तरी चालेल, पण एका पोकळ नळीला एवढे पैसे कोण देतं! स्वस्तातली नळी लावून पेंटाकॉन ५० एमएम वापरायला घेतली तर तिचं ॲपर्चर बंदच होईना. रिंग एफ/८ वर नेली, एफ/१६ वर नेली, पाती जागची हलेनात. लेन्स बिघडलेली आली असं समजून मी ती कोपऱ्यात टाकून दिली. पुढे कधीतरी लक्षात आलं. ऑटो ॲपर्चरच्या एम४२ लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. झेनिट किंवा प्रॅक्टिका शटर दाबताना ती आत ढकलत असे आणि मगच पाती मिटत. काही लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असं बटण असतं, तिथे प्रश्न येत नाही. माझ्या पेंटाकॉनला ते नव्हतं. अशा लेन्ससाठी आतून कडा असलेलं, पिन दाबून धरणारं ॲडॉप्टर घ्यावं लागतं. फरक दोन-चारशे रुपयांचा. पिन मागे होती, आणि मी तेव्हाही लेन्स पुढूनच बघत होतो.

निकॉनच्या जुन्या लेन्सबद्दल एक इशारा जाता जाता. १९७७ मध्ये निकॉनने एआय ही पद्धत आणली. त्याआधीची, न बदललेली लेन्स जोर करून काही डीएसएलआरवर बसवली तर माउंटच्या कडेचा उजेड मोजण्याचा खटका मोडू शकतो. ही चूक मी केली नाही, केवळ तशी लेन्स हाती आली नाही म्हणून.

वापरातल्या चुका तर अजूनही होतात. सिंहगडावरून राजगड आणि तोरणा टिपायला १३५ एमएम नेली होती. हवा स्वच्छ, सकाळची वेळ. लांबचं टिपायचं तर रिंग अनंताच्या खुणेपर्यंत, म्हणजे पार टोकाला फिरवायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही गड मऊ. बहुतेक ॲडॉप्टर मुद्दाम जरासे आखूड बनवतात, म्हणजे कुठल्याही लेन्सला अनंतापर्यंत पोहोचता यावं. त्यामुळे रिंगचं टोक अनंताच्याही पलीकडे जातं. खरा फोकस खुणेच्या किंचित अलीकडे होता. मोठं करून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं, पण खुणेवर माझा विश्वास, डोळ्यांवर नाही.

असाच आणखी एक घोळ. कॅमेऱ्याच्या आतलं स्थिरीकरण किती सरकायचं ते लेन्सच्या एमएमवरून ठरवतं. जुनी लेन्स आपला आकडा सांगू शकत नाही. तो आपण भरायचा असतो. १३५ भरलेलं तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी २८ लावून संध्याकाळी बाजारात फिरलो. कॅमेरा माझा हात सावरण्याऐवजी स्वतःच हलत होता. सगळे फोटो थरथरलेले.

आता पैशांत मोजता येईल अशी सर्वांत मोठी चूक. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सुपर-टाकुमार ५० एमएम, एफ/१.४ दिसली. “घ्या साहेब, जपानी आहे जपानी,” असं म्हणत विक्रेत्याने ती एका बिघडलेल्या पेंटॅक्ससकट माझ्या हातात ठेवली. मी घासाघीस करून घेतली. या वेळी शहाणा होऊन लेन्समधून आरपार पाहिलं, तर पांढरा कागद चहासारखा पिवळा दिसला. कोटिंग सडलं, काचा चिकटवणारा गोंद खराब झाला, असं मी ठरवून टाकलं आणि घेतली त्यापेक्षाही कमी किमतीत एका ओळखीच्याला देऊन मोकळा झालो.

त्यात सडलेलं काही नव्हतं. त्या लेन्सच्या काही आवृत्त्यांत थोरियम मिसळलेली काच आहे. त्या काळी प्रकाश जास्त वळवणारी पण रंग कमी फाकवणारी काच मिळवायचा तो एक मार्ग होता. थोरियम मंद किरणोत्सर्गी. त्याच्याच किरणांनी काच वर्षानुवर्षं आतून पिवळी होत जाते, आणि अतिनील प्रकाशात ठेवली की हा पिवळेपणा निघून जातो. माझ्या ओळखीच्या गृहस्थाने ती खिडकीत उन्हात ठेवली, मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावून, म्हणजे उजेड आतून दोनदा जाईल आणि एकवटलेल्या उन्हाने खिडकीतला पडदा पेटणार नाही. काही आठवड्यांत ती बरीचशी पांढरी झाली. आता तो त्याच लेन्सने काढलेले फोटो मला दाखवतो. मी छान आहेत म्हणतो. छान असतातच. अशी लेन्स वापरायला भीती नाही, पण ती उघडून काच घासत बसू नये, एवढं पथ्य.

उघडण्याची खोड मला होतीच. हेलिओसची फोकसची रिंग जड झाली होती, आतलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं. मी शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब कडेने सोडले. रिंग लोण्यासारखी फिरू लागली, आणि मी चार लोकांना हा उपाय सांगितलाही. पावसाळा सरेपर्यंत ते तेल पाझरून ॲपर्चरच्या पात्यांवर आलं होतं, आणि मागच्या काचेवर आतून धुरकट थर बसला होता. मग ठरवलं, उघडायचीच. लेन्स उघडायला दोन टोकांचा पाना मिळतो. मी कंपासपेटीतला कर्कटक वापरला. तो घसरला, आणि पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर त्याची खूण कायमची राहिली.

तरी खरा घात हेलिकॉइडने केला. फोकस पुढे-मागे नेणारी ही पितळ-ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जोडी एकाच आट्याची नसते. कितीतरी आटे शेजारी शेजारी सुरू होतात, त्यामुळे नळ्या वेगळ्या झाल्या की पुन्हा अनेक जागी एकमेकींत शिरू शकतात. त्यांतली बरोबर जागा एकच. नळ्या ज्या क्षणी सुटतात त्या क्षणी खुणेची रेघ ओढायची असते. मी ओढली नव्हती. दरवेळी जोडायचो, दरवेळी अनंत हुकायचं. शेवटी सगळं एका डब्यात भरून ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं.

“तुम्ही उघडलीत का ही?”

“थोडीशी.”

त्यांनी डबा हलवून पाहिला. “थोडीशी म्हणता?”

मजुरी त्यांनी लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त सांगितली, आणि ती रास्त होती.

या सगळ्यानंतर माझं जे मत झालं ते हौशी मंडळींना फारसं आवडत नाही. नावं विकत घेऊ नयेत. साबणाच्या फुग्यांसारखे उजेडाचे गोळे देणारी मायर-ऑप्टिकची ट्रायोप्लान १०० एमएम ही साधी तीन काचांची लेन्स, तिच्या आजच्या किमतीत चांगली ऑटोफोकस लेन्स येते. ज्यांना खरंच हात बसवायचा आहे त्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी ५० एमएम घ्यावी: मिनोल्टा, पेंटॅक्स, कॅनन एफडी, निकॉन, ओलिम्पस, जी धड अवस्थेत मिळेल ती. एफ/५.६ वर त्यांच्या फोटोंतला फरक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एफ/२ वर सांगणारे भेटतात, पण आधी नाव वाचून.

अवस्था मात्र बघायचीच, आणि ती मागून बघायची. ॲपर्चर पूर्ण उघडायचं, दोन्ही झाकणं काढायची, मोबाइलचा टॉर्च पुढच्या काचेतून तिरका टाकायचा आणि मागून पाहायचं. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. फार वाढलेली बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, आणि पुसल्यावरही तिचे डाग उरतात. ही लेन्स उजेडाकडे रोखली की फोटो पांढुरका येणार. विक्रेता म्हणतो, “साफ होऊन जाईल.” मग त्यानेच साफ करून द्यावी.

बुरशी मला आयती मिळाली नाही, मी ती घरी वाढवली. जुन्या लेन्सबरोबर चामड्याची सुंदर डबी येते, आत लाल मखमल. मला वाटलं, हिच्यासाठीच बनलेली डबी, हिच्यातच ठेवावी. चामडं आणि मखमल दमट हवा धरून ठेवतात, आणि ठाण्यातल्या पावसाळ्याला तेवढंच पुरतं. जून ते सप्टेंबर कपाटात राहिलेल्या दोन लेन्स दसऱ्याला बाहेर काढल्या तर दोन्हींत जाळी. त्यानंतर हवाबंद डबा आणला, सिलिका जेल टाकलं आणि निश्चिंत झालो. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांनी पाणी पिऊन घेतलं. ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये पुन्हा तापवून निळे करावे लागतात, हे दुसरा पावसाळा गेल्यावर कळलं. आता डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवतो. तो ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असला की पुरे. अगदी कोरडंही नको, आतलं ग्रीस वाळतं.

तुमच्या घरी माळ्यावर आजोबांचा किंवा काकांचा याशिका, झेनिट, पेंटॅक्स असा काही कॅमेरा चामड्याच्या कव्हरात पडून असेल, तर लेन्स कुठली, किंमत किती, मिररलेसवर बसेल का, हे सगळं नंतर बघा. पाऊस सुरू व्हायच्या आधी तो त्या कव्हरातून बाहेर काढा.